पाना सापडेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्यात विश्रांतवाडीला राहतो. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. लोहगावची धावपट्टी एकच, तिच्यावरच हवाई दलाची विमानं आणि तिच्यावरच प्रवासी विमानं. सुखोई गेलं की बोलणं थांबवायचं आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या थांबल्या की तिथूनच पुढे सुरू करायचं, याची आमच्या भागातल्या सगळ्यांना सवय आहे. मला तर तो आवाज घरचाच वाटतो. माझं सगळं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं.

12 जून 2025 रोजी अहमदाबादला विमान कोसळलं. विमानातली आणि जमिनीवरची मिळून 260 माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत आमचा नेहमीचा कट्टा जमला, आणि तिथे दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. एकजण म्हणाले, "सगळं कॉम्प्युटरच्या हातात दिलंय, मग दुसरं काय होणार?" दुसरे म्हणाले, "पायलटचंच काहीतरी चुकलं असणार." तिसरे म्हणाले, "देखभाल तरी हल्ली धड कोण करतं?" मग सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही यातलेच ना? सांगा, चूक कोणाची?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. चौकशी होऊ द्या.

त्यांना ते उत्तर आवडलं नाही. मी टाळतोय असं वाटलं असावं. पण मी टाळत नव्हतो. चोवीस तासांच्या आत ज्याला अपघाताचं कारण समजलं, त्याला काहीच समजलेलं नाही, असं मी या धंद्यात शिकलो. आणि ते तिसरं वाक्य, देखभालीचं, मला लागलं. त्याचं उत्तर देण्यासाठी मला माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षात जावं लागेल.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. आमच्या हँगरमध्ये हत्यारांचा एक फळा असायचा. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर, प्रत्येक पक्कड यांची आकृती त्या फळ्यावर रंगवलेली, आणि हत्यार आपापल्या आकृतीवर टांगलेलं. एखादं हत्यार जागेवर नसलं, तर त्याची रिकामी आकृती दुरूनसुद्धा डोळ्यांत भरते. हत्यार घेताना आपल्या नावाचा बिल्ला तिथे अडकवायचा आणि परत ठेवताना काढून घ्यायचा. काम संपलं की मोजणी करायची. मोजणी जुळली नाही, तर विमान उडत नाही.

त्या संध्याकाळी 10 नंबरचा पाना जागेवर नव्हता आणि बिल्ला माझा होता.

विमान तयार होतं. वैमानिक येऊन उभे होते. मी खिसे तपासले, ट्रॉलीखाली पाहिलं, पंखाखाली बॅटरी मारून शोधलं. मनात एकच विचार चालला होता. बाजारात हा पाना दहा-पंधरा रुपयांना मिळतो. दुसरा आणून टांगला, तर कुणाला कळणार? मी हे आज उघडपणे सांगतोय, कारण तो विचार खरोखर आला होता, आणि तो काही क्षण नाही, चांगला पाच मिनिटं टिकला.

मग मी आमच्या शिफ्टच्या प्रमुखांकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना चीफ म्हणायचो. म्हटलं, "चीफ, पाना सापडत नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "विमान थांबवा," एवढंच म्हणाले. आम्ही सहाजण लागलो. उघडलेली झाकणं पुन्हा उघडली, बसवलेल्या पट्ट्या पुन्हा काढल्या. चार तासांनी पाना सापडला. शेपटीकडच्या भागात, जिथून दिशा देणाऱ्या यंत्रणेचे दांडे जातात, तिथल्या एका खाचेत तो पडला होता. विमान वर गेल्यावर थोडं कललं असतं, तर तो घसरून त्या दांड्यांमध्ये अडकू शकला असता.

मला वाटलं, आता नोकरी गेली. चीफनी त्या रात्री मला काहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "काल याने पाना हरवला. आणि काल यानेच येऊन सांगितलं. पहिली गोष्ट तुमच्यापैकी कुणाच्याही हातून होईल. दुसरी झालीच पाहिजे." मग मला म्हणाले, "आता तिथे हत्यार कसं विसरलं जातं, ते या सगळ्यांना दाखव." मी दाखवलं. त्या दिवसापासून त्या जागेत काम करताना पान्याला दोरी बांधायची पद्धत आमच्याकडे सुरू झाली.

वैयक्तिक जबाबदारी हा शब्द मी वर्तमानपत्रांत वाचतो, तेव्हा मला ती पाच मिनिटं आठवतात. पण मी सांगू शकलो यात माझा मोठेपणा अर्धाच. समोर चीफ होते म्हणून मी सांगू शकलो. ते आरडाओरडा करणारे असते, तर मी कदाचित बाजारात गेलो असतो.

आता दुसऱ्या एका माणसाची गोष्ट. ही सगळ्या जगाला माहीत आहे आणि आमच्या प्रशिक्षणात ती हमखास असायची. 10 जून 1990. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेलं विमान 17 हजार फुटांवर पोहोचलं आणि कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली. आतल्या हवेच्या दाबाने कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर फेकले गेले. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं, आणि आश्चर्य म्हणजे कॅप्टन वाचले. सगळेच वाचले.

ती काच उड्डाणाच्या 27 तास आधी बदलली होती. बसवलेल्या 90 बोल्टपैकी 84 बोल्ट पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते. ते बसवणारा माणूस नवशिका नव्हता. अनुभवी होता, शिफ्टचा प्रमुख होता. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून हे काम त्याने स्वतः अंगावर घेतलं. बोल्टचा नंबर पुस्तकात बघण्याऐवजी जुना बोल्ट हातात धरून, अंधुक उजेडात, डोळ्यांनी जुळवून नवे निवडले. भांडारातल्या माणसाने योग्य आकार सांगितलाही होता. आणि काच बसवण्याचं काम दुसऱ्याने तपासावं असा नियम त्या जागी नव्हता, त्यामुळे सहीही त्याची एकट्याचीच.

यात चूक कोणाची? त्या माणसाची, हे उघड आहे, आणि मी त्यातून त्याला सोडवणार नाही. पण चौकशी करणारे तिथे थांबले असते, तर तो माणूस घरी बसला असता आणि अंधुक उजेड, अपुरी माणसं, एकाच सहीचं काम हे सगळं तसंच राहिलं असतं. पुढच्या रात्री दुसऱ्या कुणीतरी तेच केलं असतं. त्यांनी हे सगळं लिहून काढलं. विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात उद्देश स्पष्ट लिहिलाय: पुन्हा अपघात होऊ नये म्हणून ही चौकशी, दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नव्हे. दोष ठरवायला न्यायालयं आहेत, ती वेगळी. बागेतल्या मित्रांना मला हेच सांगायचं होतं.

आणि न सांगितलेल्या चुकीची किंमत काय असते, तेही ऐका. 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळलं. 92 माणसं गेली. नकाशावरच्या सूचनेचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकांच्या मनात दुसरा होता. नंतर चौकशीत कळलं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांची अगदी तीच गफलत झाली होती आणि ते त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलंही. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण गोष्ट त्या कंपनीतच राहिली. शेजारच्या कंपनीला कुणी कळवलं नाही, कारण तशी सोयच नव्हती. मग 1976 मध्ये तिथे एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ, कुणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग कळवायचा, नाव गुप्त राहतं. ही व्यवस्था मुद्दाम नासाकडे दिली, शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे नाही. विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला, त्याचं श्रेय लोक नव्या इंजिनांना आणि संगणकांना देतात. मी या कळवण्याला त्यांच्या बरोबरीचं श्रेय देतो.

संगणकाबद्दलही बोलायला हवं, कारण बागेतलं पहिलं वाक्य त्याच्याबद्दल होतं. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं समोरासमोर धडकली आणि 349 माणसं गेली. एक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. त्यानंतर समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारं यंत्र आपल्या देशात सक्तीचं झालं. आता ते यंत्र दोन विमानांना आपसांत बोलून एकाला वर आणि एकाला खाली जायला सांगतं. 2002 मध्ये जर्मनीच्या सरहद्दीवर एका विमानाला यंत्र म्हणालं वर जा, नियंत्रक म्हणाला खाली जा; समोरच्या विमानाला यंत्रच म्हणालं खाली जा. एका वैमानिकाने यंत्राचं ऐकलं, दुसऱ्याने माणसाचं, आणि 71 जीव गेले. तिथून नियम पक्का झाला की अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं.

आणि 2018 आणि 2019 मध्ये बोइंग 737 मॅक्सची दोन विमानं पडली, 346 माणसं गेली, तेव्हा उलट झालं. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली होती. ती एकाच संवेदकाच्या सांगण्यावर चालत होती, विमानावर तसे दोन असताना. आणि ही प्रणाली विमानात आहे हेच पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांना सांगितलेलं नव्हतं. आता यंत्रावर भरवसा ठेवावा की नाही? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. एकाच संवेदकावर भागेल, हे टेबलाशी बसून कुणीतरी ठरवलं. त्या निर्णयाखाली माणसाचीच सही आहे.

आता आपल्या लोहगावकडे येतो.

विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकू नये, असा कायद्याचा नियम आहे. वाघोली, खराडी, येरवडा, धानोरी, आमची विश्रांतवाडी, सगळं त्यात येतं. पहाटे नाल्याच्या कडेला कोंबड्यांच्या दुकानांतली घाण पोत्यात भरून टाकलेली मी स्वतः पाहतो. तासाभरात वर घारी फिरायला लागतात. घार वजनाने फार नसते, पण ताशी अडीचशे किलोमीटरने उतरणाऱ्या विमानाच्या इंजिनात ती गेली, तर पात्यांचं काय होतं ते मी हातात घेऊन पाहिलंय. 2009 मध्ये न्यूयॉर्कला पक्ष्यांमुळे दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान नदीत उतरवावं लागलं. 155 जण वाचले. आपल्याकडे उतरायला मुळा-मुठा आहे, तिची अवस्था तुम्ही जाणता. पोतं टाकणाऱ्याला विमानाशी आपला काही संबंध आहे, हे कुणी सांगितलेलंच नाही. मी सांगतो, आणि दर वेळी तो माणूस थक्क होतो.

मिरवणुकांतल्या आणि लग्नांतल्या लेझरचंही तसंच. पोलिसांनी बंदीचे आदेश काढलेत, तरी झोत वर जातातच. जमिनीवरून तो बारीक हिरवा दोरा दिसतो, पण वर पोहोचेपर्यंत तो पसरतो आणि कॉकपिटच्या काचेवर आदळून सगळी काच पेटल्यासारखी होते. नेमकं उतरण्याच्या वेळी.

प्रवासी म्हणूनही आपलं काही असतं. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या विमानतळावर जपानचं प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. तटरक्षक दलाचे पाचजण गेले, पण पेटलेल्या प्रवासी विमानातून सगळेच्या सगळे 379 जण बाहेर पडले. लोकांनी बॅगा तिथेच सोडल्या. पुण्यात चाकं टेकली की पट्टे सुटल्याचे खटाखट आवाज मी ऐकतो, तेव्हा मला पोटात कालवतं.

मागच्या आठवड्यात बागेत हे सगळं मी मित्रांना एकदाचं सांगितलं. पान्याची गोष्टही सांगितली, ती पाच मिनिटंही. कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातले एक, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय काटेकोर गृहस्थ, हळूच म्हणाले, "माझी पॉवर बँक दिल्लीला जाताना मोठ्या बॅगेत राहिली होती. बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर आठवलं. सांगितलं असतं तर रांगेत पुन्हा मागे जावं लागलं असतं. गप्प बसलो. दोन तास नुसता खाली कान लावून होतो."

बहुतेक वेळा तपासणीत ती सापडते. त्यांची सुटली. लिथियमची बॅटरी आतून तापली की ती स्वतःलाच पेटवत जाते. केबिनमध्ये धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओततात. खालच्या सामानात तो बघायलाच कुणी नसतं, म्हणून पॉवर बँक जवळच ठेवायची असते. 28 जानेवारी 2025 ला कोरियात बुसानला उड्डाणाआधीच एक विमान जळलं, 176 जण उतरून वाचले, आणि संशय पॉवर बँकेवर गेला.

हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांना ते माहीत झालेलं दिसत होतं. मी एवढंच विचारलं, पुन्हा असं झालं तर?

ते म्हणाले, "काउंटरवर जाईन. पण काय म्हणायचं तिथे? ओरडतील ना?"

मग आम्ही बाकावर बसलो आणि मी त्यांना काय म्हणायचं ते सांगितलं. बोर्डिंग पास हातात ठेवायचा. बॅगेला लावलेल्या पट्टीचा नंबर त्याच्या मागे चिकटवलेला असतो, तो दाखवायचा. म्हणायचं, माझ्या बॅगेत पॉवर बँक राहिली आहे, बॅग थांबवा. त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं.

नमस्कार.