पांडुरंग म्हटलं की काय दिसतं?

नमस्कार मंडळी. परवा पाठ दुखते म्हणून दवाखान्यात गेलो होतो, बसलोय नंबरची वाट बघत, तर काउंटरवरच्या मुलीने हाक मारली "पांडुरंग" आणि बघितलं कुणाकडे तर माझ्या शेजारी बसलेल्या धोतरवाल्या आजोबांकडे. मी उठलो तर म्हणाली, अय्या तुमचं नाव पांडुरंग? वाटत नाही हो. मी चौतीस वर्षांचा आहे. पण पांडुरंग म्हटलं की धोतर आणि टोपीच दिसते लोकांना, तिचा तरी काय दोष, हे चित्र तिने एकटीने थोडंच काढलंय.

नाव आजीने ठेवलं. आजी माळकरी, आळंदीहून पायी वारी करायची, मी झालो तेव्हा दुसऱ्या नावाची घरात चर्चासुद्धा झाली नाही. गावात या नावाला मान होता, पांडुरंगा म्हणून हाक मारताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलायचा, हे मी लहानपणी ऐकलंय. आणि मग मुंबईत आलो आणि त्याच नावाचं झालं पांडू.

पांडू म्हणजे मुंबईत काय ते तुम्हाला सांगायला नको. हवालदार. १९७५ मध्ये दादा कोंडक्यांचा पांडू हवालदार आला, लोकांनी डोक्यावर घेतला, मलाही तो पिक्चर आवडतो, त्यातला हवालदार भोळा आहे, मायाळू आहे. पण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला "ए पांडू पांडू आला बघ" म्हणून गाडी वळवतात ना, त्यात ती माया कुठंय? उन्हात बारा-बारा तास उभा असतो तो, छातीवर नावाची पट्टी असते, ती कुणी वाचत नाही. तुकाराम ओंबळे पोलीसच होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी घेऊन ते कसाबला भिडले, गोळ्या लागल्या तरी त्याची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आदल्या दिवशी रस्त्यात कुणी त्यांनाही पांडू म्हणालं असेल का हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि हे जुनंच आहे. मुंबईत पूर्वी पैसेवाल्यांच्या घरी कोकणातून, घाटावरून आलेला गडी असला की त्याला सरळ रामा म्हणायचे, त्याचं खरं नाव गणपत असो नाहीतर सखाराम, रामा म्हणजे भांडी घासणारा, संपलं. आताच्या जोकमध्ये बघा, वर्गातला ढ मुलगा कायम गण्या नाहीतर बंड्या, आर्यन किंवा विहान कधीच नाही. का नाही? कारण ज्या घरातली मुलं गण्या असतात ती घरं कुठली ते ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. नावावरून आपण माणसाचं घर, पैसा, शिक्षण सगळं ठरवून मोकळे होतो. मला एका नोकरीत साहेबांनी सांगितलं होतं, कार्डावर नुसतं पी छापू, पूर्ण नाव जरा गड्यासारखं वाटतं. बावीस वर्षांचा होतो, नोकरी हवी होती, हो म्हणालो. चार वर्षं मी पी होतो, आजीला कधी सांगितलं नाही.

नंतर मी शोधायला लागलो, माझ्या नावाची कोण कोण माणसं होऊन गेली. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट. पांडुरंग वामन काणे, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ ला भारतरत्न. आणि पांडुरंग सदाशिव साने. साने गुरुजींचं नाव पांडुरंग हे माझ्या कितीतरी मित्रांना माहीत नव्हतं, सगळे गुरुजीच म्हणतात ना. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले आणि देऊळ खुलं झालं. पांडुरंगाच्या दारात पांडुरंग उपाशी बसला होता. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगतो, आणि सकाळी जाऊन नवीन कार्डं छापायला टाकली, पूर्ण नावाची.

आजी आता नव्वदीची आहे, वारी होत नाही, दिसतही कमी. आषाढीला मी गावी जातो. ती उंबऱ्यात बसलेली असते, पावलं ऐकली की विचारते, आलास का रे पांडुरंगा, जेवलास का? कुणाला विचारते, मला की त्याला, ते मी अजून विचारलेलं नाही. मी फक्त हो म्हणतो आणि तिच्याजवळ बसतो.