माशांच्या शास्त्रीय नावातली मराठी

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या बाजारात बांगडा घ्याल तेव्हा मावशींच्या हातात साफ करायला देण्याआधी एक करा. त्याच्या गालाचं झाकण बोटानं वर उचला. आत लाल कल्ले दिसतील आणि त्यांच्या पुढच्या कडेला लांब, बारीक काट्यांची ओळ दिसेल. बांगड्यात ती इतकी लांब असते की त्याचा नुसता जबडा उघडला तरी नजरेला पडते. पाणी कल्ल्यांतून बाहेर जाताना त्यातले बारीक जीव ही ओळ अडवून धरते, आणि त्यावरच बांगडा जगतो. शास्त्रात बांगड्याचं नाव ‘रॅस्ट्रेलिजर कानागुर्ता’. लॅटिनमध्ये रॅस्ट्रेलिजर म्हणजे दाताळं बाळगणारा. शेतात पालापाचोळा ओढायला वापरतो तेच दाताळं. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं माशाचं तोंड उघडून पाहिलं होतं, हे नक्की.

आणि कानागुर्ता? हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. तो तेलुगू आहे. पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टरानं विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर दोनशे मासे गोळा केले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि 1803 मध्ये त्यांचं पुस्तक छापलं. माशांची नावं त्यानं तिथल्या कोळ्यांच्या तोंडून ऐकली तशी लिहून घेतली. पुढे फ्रान्समध्ये बसून क्यूव्हिए या प्राणिशास्त्रज्ञानं त्यातलंच एक नाव उचललं आणि ते जगभराच्या बांगड्याला चिकटलं.

शास्त्रीय नाव म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळं परकं आणि अवघड असणार. बरंचसं असतंही. पण ग्रीक नावंसुद्धा नुसती पाठ करण्यापेक्षा मासा समोर ठेवून वाचली तर सोपी होतात. रावस म्हणजे ‘इल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम’. उच्चारताना जीभ वळते खरी, पण अर्थ साधा आहे: मोकळे धागे, चार बोटं. रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे धागे लोंबत असतात आणि गढूळ पाण्यात तो त्यांनी तळ चाचपतो. रावस म्हणून कुणी दाढा नावाचा मासा गळ्यात मारत असेल तर हेच धागे मोजा. दाढ्याला पाच असतात. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ‘बोलिऑफ्थॅल्मस’, म्हणजे बाहेर फेकल्यासारखे डोळे असलेली. जिताडा ‘कॅल्कॅरिफर’, काटेरी आर बाळगणारा. त्याच्या गालाच्या कडेला हात लागला असेल त्याला याहून जास्त सांगायला नको.

पापलेटाला आपण आर्जेन्टियस, म्हणजे चंदेरी, म्हणत आलो. 2023 मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्यमासा केलं, तेही चंदेरी पापलेट म्हणूनच. अलीकडचे अभ्यासक मात्र सांगतात की आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट पूर्वेकडच्या समुद्रातल्यापेक्षा वेगळा आहे, त्याला ‘पॅम्पस कँडिडस’ म्हणावं. कँडिडस म्हणजे लखलखीत पांढरा. खाणाऱ्याला काय फरक पडतो म्हणा!

आता बोंबील. मुंबईनं ज्याच्यावर एवढा हक्क सांगितला, त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईचा मागमूस नाही. ‘हार्पाडॉन नेहेरियस’ यातलं नेहेरियस आलं बंगालमधल्या त्याच्या नावावरून. ईस्ट इंडिया कंपनीतला डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यानं गंगेच्या माशांवर 1822 मध्ये ग्रंथ छापला, त्यात बोंबील आला. त्याच ग्रंथातून रोहूचं ‘रोहिता’ आलं, हिलशाचं ‘इलिशा’ आलं. नाव ठेवण्यात जो आधी छापतो त्याचं चालतं. मुंबई उशिरा पोचली, एवढंच.

आपल्या देशावर मात्र एक माणूस वेळेवर पोचला. कर्नल विल्यम सायक्स. मुंबई सरकारनं 1824 मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. जमीन, पिकं, माणसं मोजता मोजता तो पक्षी आणि मासेही टिपत गेला, आणि 1830 च्या दशकाच्या अखेरीस दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या लेखातली नावं मोठ्यानं वाचून बघा. ‘सींघाला’ म्हणजे आपला शिंगाळा. ‘नुक्ता’ नावाचा मासा आहे, त्याच्या तोंडावर खाच पडून वर नाकासारखा उंचवटा आलेला असतो. मला तरी हा सरळ सरळ ‘नकटा’ वाटतो, इंग्रजाच्या कानातून गेलेला. या माशाला पुढे जे ग्रीक नाव मिळालं त्याचा अर्थही दुभंगलेलं नाक असाच आहे.

सायक्स साहेबमाणूस होता, तेव्हा थोडी खुशमस्करीही केली. शास्त्रीय नावातला पहिला शब्द कुळाचा असतो, दुसरा त्या एका माशाचा. ‘रोहटी’ हा देशी शब्द त्यानं पूर्ण कुळाला दिला आणि त्याच्या जोडीला ‘ऑगिल्बी’ हे नाव लावलं. विल्यम ऑगिल्बी लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीतला बडा माणूस. भीमा-कृष्णेतल्या त्या चिमुकल्या चपट्या माशाचा ऑगिल्बीशी संबंध काय, हे विचारायची सोय नाही. मला तर भोयांच्या तोंडचं नावच जास्त पटतं. त्यात निदान मासा तरी असतो.

सायक्सचा सगळ्यात गाजलेला मासा पुण्याजवळचा, मुळा-मुठेतला. दख्खनचा महसीर. त्यानं त्याला ‘बार्बस खुद्री’ म्हटलं. बार्बस हे लॅटिन, मिशांवरून आलेलं. खुद्री हे इथल्या भोयांचं. नियम असा की कुळ बदललं तरी दुसरा शब्द टिकतो. पुढे हा मासा बार्बसमधून निघाला आणि ‘टॉर’ या कुळात गेला. टॉर हा शब्दही हॅमिल्टननं गंगेकाठी ऐकलेला. म्हणजे आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ ‘टॉर खुद्री’ म्हणतो तेव्हा त्यात एकही युरोपी शब्द उरलेला नसतो. आता पुण्यात नदीच्या पुलावर उभं राहिलं की पाण्याच्या वासानंच कळतं, तिथे महसीर शोधण्यात अर्थ नाही.

आणि सगळं साहेबांनीच केलं असंही नाही. पुढे महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे संचालक झालेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहानशा, बिनखवल्याच्या माशाचं 1952 मध्ये वर्णन केलं. हा पठ्ठ्या दुसऱ्या जिवंत माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. कुलकर्ण्यांनी ग्रीकचा कोश उघडलाच नाही. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘खवलचोर’. त्याचं कुळ नंतर बदललं, आता शास्त्रात तो ‘पॅकिप्टेरस खवलचोर’ आहे. पॅकिप्टेरस म्हणजे जाड पराचा. खवलचोर म्हणजे काय, हे परदेशी अभ्यासकांना कोणीतरी समजावून सांगावं लागतं.