माळ्यावरचा देश

[दृश्य : रेल्वेची खिडकी, पाइनची झाडं, दूरवर कारखान्याची धुराडी]

बर्लिनहून गाडीनं पूर्वेकडे निघालं, की दीडेक तासात पोलंडची हद्द जवळ येते. ओडर नदीच्या अलीकडे हे गाव आहे, आयझेनह्युटनश्टाट. नावाचा अर्थ, लोखंडाच्या भट्ट्यांचं शहर. १९५० साली पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षानं ठरवलं, की इथे पोलादाचा कारखाना काढायचा आणि कामगारांसाठी त्याला लागून अख्खं नवं शहर वसवायचं. खनिज आलं सोव्हिएत संघातून, भट्टीसाठीचा कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, पोलंडमधून. १९५३ ते १९६१ या शहराचं नाव होतं स्टालिनश्टाट.

[दृश्य : मुख्य रस्ता, कमानी, रांगेत इमारती]

हा रस्ता सरळ कारखान्याकडे जातो. तेव्हा तो लेनिनच्या नावानं ओळखला जायचा, आता लिंडन झाडांच्या. आपल्याला जायचंय ते याच वस्तीतल्या एका जुन्या पाळणाघरात.

[दृश्य : जिना, रंगीत काचेची उंच खिडकी. इथे पाच सेकंद फक्त पायांचा आवाज]

ही खिडकी वाल्टर वोमाका या चित्रकाराची. कामावर निघालेल्या आया रोज सकाळी मुलांना घेऊन याच जिन्यानं वर यायच्या. १९८०च्या दशकात पूर्व जर्मनीत तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी साधारण आठ मुलं पाळणाघरात असत, कारण आई कामावर जाणार हे तिथे गृहीतच होतं. मुलं गेली, पाळणाघर बंद झालं. १९९३ पासून इथे पूर्व जर्मनीतल्या रोजच्या जगण्याचं संग्रहालय आहे.

ते कसं उभं राहिलं, हे जरा सावकाश सांगायला हवं.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. १ जुलै १९९० ला पूर्वेच्या बाजारात पश्चिम जर्मनीचं चलन, मार्क, आलं आणि दुकानांतला माल रातोरात बदलला. फडताळातली बरणी, स्वयंपाकघरातला मिक्सर, रेडिओ, खुर्ची, सगळं एकदम जुनाट दिसू लागलं. लोकांनी घरंच्या घरं रिकामी करून सामान रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं. चाळीस वर्षांचा संसार कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभा होता.

तेव्हा आंद्रेआस लुडविग या इतिहासकारानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना हाक दिली, की फेकू नका, आमच्याकडे आणा. लोक आणू लागले. पिशव्या भरून, खोकी भरून. आणि आणणाऱ्याला विचारलं जायचं, ही वस्तू कधी घेतली, कोण वापरायचं, इतकी वर्षं का ठेवलीत? उत्तर वस्तूसोबत नोंदवलं जायचं. अडकित्ते आणि समया मायेनं जपणाऱ्या केळकर संग्रहालयाच्या पुण्यातून आलेल्या माणसाला हे प्रश्न ओळखीचे वाटतात. वस्तू एकवेळ बाजारात पैसे देऊन मिळते. ती कोणाची होती, हे वेळेवर विचारलं नाही तर नंतर कुठेच मिळत नाही. आज या संग्रहात दीड लाखाहून अधिक वस्तू आहेत.

[दृश्य : काचेच्या कपाटात रंगीबेरंगी कोंबड्या, कॅमेरा हळूहळू जवळ]

या कोंबड्या बघा. पिवळी, लाल, निळी. पाठीवर खळगा आहे, त्यात न्याहारीचं उकडलेलं अंडं उभं राहतं. प्लास्टिकची इतकी साधी वस्तू, पण हिच्यामागे सरकारचं मोठं धोरण होतं. लाकूड, कापूस, धातू बाहेरून आणायला परकीय चलन लागायचं आणि तेच हाताशी नव्हतं. म्हणून १९५८ साली लॉयना या रसायन कारखान्याच्या गावी झालेल्या परिषदेत घोषणा झाली, रसायन देईल भाकरी, सुबत्ता आणि सौंदर्य. पुढे सोव्हिएत खनिज तेल थेट पाइपलाइनमधून आलं आणि त्यातून बादल्या, खुर्च्या, पेले, खेळणी निघाली. कोंबड्यासुद्धा.

[दृश्य : फुलाफुलांची घडीची पिशवी, हात ती उलगडतात]

ही पिशवी डेडेरॉनची. नायलॉनसारखाच धागा, त्याचं नावच देशाच्या आद्याक्षरांवरून पडलं, डे-डे-एर. घडी करून मुठीत मावते. ती सगळ्यांच्या खिशात असायची, कारण कुठल्या दुकानात आज काय येईल याचा नेम नसायचा. रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं, काय आलंय? चांगला माल तर फळीवर यायचाच नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी विक्रेती खाली वाकून गल्ल्याखालून काढायची. त्या मालाला लोकांनी नाव ठेवलं होतं, 'ब्युकवारे', वाकून द्यायचा माल.

[दृश्य : आमच्या टेबलावर काचेचा पेला. कॅमेरा कडेवर थांबतो]

हा पेला संग्रहालयातला नव्हे. बर्लिनमध्ये मावरपार्कच्या रविवारच्या बाजारात आम्ही तो विकत घेतला. जात 'सुपरफेस्ट', म्हणजे फार मजबूत. साक्सनीतल्या श्वेप्निट्झच्या कारखान्यात १९८० ते १९९० या दहा वर्षांत असे दहा कोटींहून जास्त पेले तयार झाले. तयार पेल्यावर पोटॅशियमच्या तापलेल्या क्षाराचा मारा करायचे. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बाहेर पडायचे आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीनं बसायचे. त्या दाटीमुळे काच आतल्या आत आवळली जाते आणि तडा जायला वाव राहत नाही. तुमच्या मोबाइलची काच याच तत्त्वावर टणक होते. पश्चिमेच्या व्यापाऱ्यांनी मात्र हा पेला घेतला नाही. फुटला नाही तर दुसरा कोण घेणार?

[दृश्य : बंद दारं, रिकाम्या बाल्कन्या, पाऊस]

पूर्व जर्मनीच्या याच काळात शेजारीपाजारी गुप्त पोलिसांचे खबरे होते आणि एकट्या बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० जणांचा जीव गेला. १९९० नंतर इथल्या पोलाद कारखान्यातली हजारो माणसं घरी बसली, आणि शहराची वस्ती आता तेव्हाच्या निम्मीही उरलेली नाही.

[दृश्य : पुन्हा जिना, खिडकीतून पडलेले रंग पायऱ्यांवर]

परतीच्या गाडीत तो पेला पिशवीतून काढून पाहिला. कडेखाली एक बारीक रेघ आहे आणि तिच्याशेजारी आकडा, ०.२५ लिटर. म्हणजे हा खानावळीतला असणार, किंवा एखाद्या कारखान्याच्या कँटीनमधला. विकणाऱ्याला आम्ही विचारलं होतं, कुठून आला? तो म्हणाला, खोक्यातून.