वनस्पतिजन्य प्लास्टिकचा परतीचा मार्ग

श्रोतेहो, नमस्कार.

रसवंतीत किंवा लग्नाच्या जेवणात हल्ली हातात येणाऱ्या पारदर्शक पेल्यावर कधी कधी ‘कंपोस्टेबल’ असा शब्द छापलेला असतो. असा पेला बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला पीएलए म्हणतात त्या प्लास्टिकचा असतो. याचे मूळ द्रव्य लॅक्टिक आम्ल. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले, आणि आपल्या घरच्या दह्याचा आंबटपणाही त्याचाच. कारखान्यात मात्र ते दुधापासून नव्हे, तर मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून जिवाणूंच्या साहाय्याने तयार करतात. मग त्याचे दोन-दोन रेणू जोडून लॅक्टाइड नावाचे वलय बनवतात आणि ही वलये उघडून एकमेकांना सांधली की पीएलएची लांब साखळी तयार होते.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे नेचरवर्क्सचा मक्यावर चालणारा कारखाना आहे. थायलंडमध्ये रायोंग येथे टोटलएनर्जीज कॉर्बियनचा कारखाना उसाच्या साखरेपासून वर्षाला ७५ हजार टन पीएलए बनवू शकतो. आपल्याकडे प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीला २०२४ मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, आणि उत्तर प्रदेशात कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्स मोठा कारखाना उभारत आहे. म्हणजे हे प्लास्टिक आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर बनण्याचे दिवस जवळ आले आहेत, आणि वापरानंतर त्याचे काय करायचे हे ठरवण्याची वेळही हीच आहे.

‘ते कुजते, मग चिंता कसली?’ असे पुष्कळांना वाटते. पण पीएलए कुजण्यासाठी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर ओलावा टिकवून धरणारे औद्योगिक कंपोस्ट केंद्र लागते. परसातल्या खड्ड्यात, नाल्यात किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. शिवाय ते व्यवस्थित कुजले तरी जमिनीला फारसे काही मिळत नाही, कारण त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश यांपैकी काहीच नसते. एक किलो पीएलए पूर्णपणे कुजले तर सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि थोडे पाणी तयार होते. हा कार्बन हवेतूनच आलेला होता हे खरे. परंतु मक्यासाठी किंवा उसासाठी दिलेले पाणी आणि खत, किण्वनाच्या, म्हणजे आंबवण्याच्या टाक्या, वाफ, वीज यांवर झालेला सगळा खर्च त्याबरोबर वाया जातो. इतक्या कष्टाने घडवलेला रेणू एका वापरानंतर हवेत सोडून देणे मला उधळपट्टीच वाटते.

रासायनिक पुनर्चक्रण हा याला पर्याय आहे. जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीने नवा विणावा, तसे येथे साखळी सोडवून मूळ घटक परत मिळवले जातात. प्लास्टिक नुसते वितळवून पुन्हा वापरले, तर उष्णतेने आणि ओलाव्याने साखळ्या तुटत जातात व माल प्रत्येक वेळी कमकुवत होतो. रासायनिक मार्गाने मिळालेले लॅक्टिक आम्ल शुद्ध केले की त्यापासून नव्यासारखेच पीएलए बनवता येते. पीएलए अशा कामासाठी विशेष सोयीचे आहे, कारण त्याच्या साखळीतील दुवे सांधणारा एस्टर नावाचा बंध पाण्याने तुटतो. पहिल्या पद्धतीत दाबाखाली तापवलेल्या पाण्यात एक किलो पीएलएची साखळी तुटू दिली, तर ते पाव किलो पाणी आपल्या रेणूंत सामावून घेते आणि हिशेबाने सव्वा किलो लॅक्टिक आम्ल हाती येते. पॉलिथिनच्या पिशवीला ही सोय नाही, कारण तिच्या कार्बन-कार्बन बंधांवर पाण्याचा परिणाम होत नाही.

दुसऱ्या पद्धतीत कथिलासारख्या उत्प्रेरकाच्या, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या साहाय्याने, निर्वातात तापवून पीएलएपासून थेट लॅक्टाइड मिळवतात. यात एक नाजूक अडचण आहे. लॅक्टिक आम्लाचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात, आणि अति उष्णतेत एकाचे रूपांतर दुसऱ्यात होऊ लागते. ही भेसळ वाढली की नव्या पीएलएची स्फटिकता घटते आणि वस्तू गरम पदार्थापुढे लवकर मऊ पडते. म्हणून खरे कौशल्य साखळी तोडण्यात नसून ती तोडताना रेणूची ठेवण जपण्यात आहे.

तिसरी पद्धत आपल्या राज्याच्या दृष्टीने मला सर्वांत आशादायक वाटते. पीएलएची इथेनॉलशी अभिक्रिया घडवली की इथाइल लॅक्टेट मिळते, आणि ते शाई, रंग व सफाईच्या कामांत तुलनेने सौम्य द्रावक म्हणून वापरले जाते. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांकडे आसवन्या आहेत, म्हणजे लागणारे इथेनॉल घरचेच आहे. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातील संशोधकांनी अशा अभिक्रियांसाठी जस्ताचे उत्प्रेरक विकसित केले आहेत.

हे नुसते प्रयोगशाळेतले बोलणे नाही. बेल्जियममधील गॅलॅक्टिक ही कंपनी पीएलएपासून पुन्हा लॅक्टिक आम्ल मिळवते, आणि टोटलएनर्जीज कॉर्बियनने २०२१ मध्ये अशा परत मिळवलेल्या मालाचा अंश असलेले पीएलए बाजारात आणले.

खरी अडचण कचऱ्याच्या डब्यापाशी आहे. पीएलएचा पेला आणि पाण्याच्या बाटलीचे पीईटी प्लास्टिक डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन्ही पाण्यात बुडत असल्यामुळे तरंगवून वेगळे करण्याची युक्तीही येथे चालत नाही. पीईटी अडीचशे अंशांच्या वर वितळते. तेवढ्या उष्णतेत मिसळलेले पीएलए विघटित होऊन सगळा माल पिवळसर आणि धूसर करते. अवरक्त किरणांनी ओळख पटवणारी यंत्रे दोहोंतला फरक ओळखतात, पण आपल्याकडे वर्गीकरण मुख्यतः कचरावेचक महिलांच्या हातांनी होते. त्यांना एका नजरेत ओळखता येईल अशी ठळक रंगीत खूण प्रत्येक पीएलए वस्तूवर बंधनकारक असावी, आणि तो माल विकत घेणारा कोणीतरी असावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. भाव नसलेली वस्तू त्यांनी वेचावी तरी कशासाठी?

सुरुवात बंदिस्त ठिकाणांपासून करता येईल. कंपन्यांची उपाहारगृहे, महाविद्यालयांची वसतिगृहे, क्रिकेटची मैदाने येथे एकाच प्रकारचे पेले देता येतात आणि बाहेर पडण्यापूर्वी ते एकाच पिंपात गोळाही करता येतात. अन्नाचे खरकटे त्यात अडथळा ठरते, पण पाण्याने धुऊन, वाळवून आणि बारीक तुकडे करून असा माल अभिक्रियेच्या टाकीपर्यंत नेण्यात तांत्रिकदृष्ट्या अवघड काही नाही. हा धुण्याचा आणि वाहतुकीचा खर्च पेला विकणाऱ्या उत्पादकाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.