तीन गुण

(पडद्यावर रिकामं कोर्ट. फक्त चेंडू आपटल्याचा आवाज.)

२ मार्च २०२३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं यंगस्टाउन शहर. कॉलेज बास्केटबॉलचा सामना संपत आलाय. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा संघ मागे आहे, आणि प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस एकाच खेळाडूकडे बघतोय. अँटवान डेव्हिस. प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखेसुद्धा मनातल्या मनात त्याचेच गुण मोजताहेत.

सामना संपला. यंगस्टाउन स्टेट ७१, डेट्रॉइट मर्सी ६६. डेव्हिसचे त्या दिवशीचे गुण २२, आणि पाच वर्षांचे मिळून ३,६६४.

पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कारकिर्दीतल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम होता ३,६६७ चा. १९७० पासून कुणी त्याला हात लावू शकलं नव्हतं.

तीन गुण कमी पडले. म्हणजे लांबून मारलेला एक थ्री-पॉइंटर! डेव्हिसचा तर तो हातखंडा. आपल्या कारकिर्दीत त्याने असे ५८८ मारले होते. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, डिव्हिजन वनमध्ये, तोवर कुठल्याही पुरुष खेळाडूने इतके मारले नव्हते. आणखी एक आत गेला असता तर बरोबरी झाली असती.

त्यानंतर काही दिवस आशा होती. हंगामाच्या शेवटी होणाऱ्या एखाद्या छोट्या स्पर्धेचं आमंत्रण येईल, आणखी एक सामना मिळेल. पण संघ १४ सामने जिंकला होता आणि १९ हरला होता. आमंत्रण आलं नाही. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमापासून नऊ धावा दूर, आणि काठेवाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. ती गोष्ट ऐकत वाढलेल्यांना डेव्हिसची हुरहुर वेगळी समजावून सांगायला नको.

(कृष्णधवल चित्रफीत. मोठे केस, घसरलेले करडे मोजे घातलेला एक सडपातळ तरुण.)

ज्याचा विक्रम त्या रात्री वाचला, तो हा. पीट मॅराविच. कंबरेजवळून पिस्तूल उडवावं तसा शॉट मारायचा, म्हणून लहानपणीच नाव पडलं ‘पिस्टल पीट’.

जन्म १९४७ चा, पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपाचा. पोलाद कारखान्यांचं गाव. वडील प्रेस मॅराविच सर्बियन स्थलांतरितांच्या घरातले, स्वतः बास्केटबॉल खेळलेले आणि पुढे प्रशिक्षक झालेले. त्यांनी मुलाच्या हातात चेंडू दिला, तो कायमचाच. वडील गाडी चालवायचे आणि पोरगा खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यावर चेंडू आपटत जायचा. डोळ्यांवर पट्टी बांधून ड्रिबलिंग. झोपतानाही चेंडू अंथरुणात. हे प्रेम होतं की एका माणसाने आपलं अपुरं स्वप्न मुलाच्या अंगात उतरवलं होतं? मला वाटतं दोन्ही. आणि ते दोन्ही शेवटपर्यंत एकमेकांपासून सुटे झाले नाहीत.

१९६६ मध्ये प्रेस लुईझियाना स्टेट विद्यापीठात, बॅटन रूजला, प्रशिक्षक म्हणून आले. पीटही तिथेच दाखल झाला. त्या काळी नियम असा, की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मुख्य संघात खेळायचं नाही. पीट नवख्यांच्या संघातून खेळला आणि १७ सामन्यांत त्याने ७४१ गुण केले. लोक नवख्यांचा सामना बघायचे आणि मुख्य सामना सुरू व्हायच्या आधी घरी जायचे! त्या वर्षी प्रेस यांचा मुख्य संघ २६ पैकी ३ सामने जिंकला. पीटचे ७४१ गुण विक्रमात धरलेले नाहीत.

पुढची तीन वर्षं धरली आहेत. सरासरी पहिल्या वर्षी ४३.८, दुसऱ्या वर्षी ४४.२, तिसऱ्या वर्षी ४४.५. एकूण ८३ सामने. १,३८७ बास्केट, प्रत्येकी दोन गुणांच्या. ८९३ फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारे मोकळे शॉट, प्रत्येकी एका गुणाचे. बेरीज करून पाहा, ३,६६७ येते. त्यात तीन गुणांचा एकही शॉट नाही, कारण थ्री-पॉइंटरची रेष कॉलेजच्या कोर्टांवर सगळीकडे आली ती १९८६-८७ च्या हंगामात. ठरावीक वेळेत शॉट मारायला भाग पाडणारं घड्याळ, शॉट क्लॉक, तेही नव्हतं. समोरच्या संघाने चेंडू दाबून वेळ काढायचा ठरवला, तर मॅराविचला नुसतं बघत राहावं लागायचं.

डेव्हिसला ३,६६४ गुणांसाठी १४४ सामने लागले. कोरोनामुळे खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं होतं, त्यात हे पाचवं वर्ष आलं. म्हणून काही जण म्हणाले, बरं झालं विक्रम तुटला नाही. मला ते पटत नाही. जे नियम होते त्यात तो खेळला, आणि कारकिर्दीतल्या एकाही सामन्यात तो दोन आकडी गुणांच्या खाली आला नाही.

शिवाय मॅराविचच्या बाजूनेही काही गोष्टी होत्या, त्या सांगायला हव्यात. तो एका सामन्यात सरासरी ३८ शॉट मारायचा. एवढी मोकळीक कुठल्याही प्रशिक्षकाने दिली नसती. इथे प्रशिक्षक वडीलच होते.

आणि दुसरी गोष्ट याहून मोठी.

(संघाचा गटफोटो. सगळे चेहरे गोरे.)

लुईझियाना स्टेट विद्यापीठांच्या ज्या गटात, साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, खेळायचं, तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना तोवर दार बंद होतं. ते दार पहिल्यांदा ढकललं पेरी वॉलेसने, व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाकडून, १९६७ मध्ये. म्हणजे मॅराविचची तीन वर्षं आणि वॉलेसची तीन वर्षं एकच. एकासाठी प्रेक्षागृहं भरून वाहत होती, आणि दुसऱ्याला त्यांतल्याच काही प्रेक्षागृहांत शिव्या आणि धमक्या ऐकत खेळावं लागत होतं. लुईझियाना स्टेटच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, कॉलिस टेम्पल, आला तोवर मॅराविच पदवीधर होऊन गेला होता.

मॅराविचने ३१ जानेवारी १९७० ला ज्याचा विक्रम मोडला, तो ऑस्कर रॉबर्टसन कृष्णवर्णीयच. सिनसिनाटी विद्यापीठाकडून त्याने २,९७३ गुण केले होते. संघाबरोबर ह्यूस्टनला गेला असता हॉटेलने त्याला खोली नाकारली, आणि रात्र एका कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या वसतिगृहात काढावी लागली.

आणि ट्रॅव्हिस ग्रँट? हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं. केंटकी स्टेट, कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं एक छोटं कॉलेज. १९६८ ते १९७२ मध्ये ग्रँटने तिथे ४,०४५ गुण केले आणि संघाने लागोपाठ तीन वेळा छोट्या कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. छोट्या कॉलेजांत पहिल्या वर्षीही खेळता यायचं, त्यामुळे त्याची चारही वर्षं मोजली गेली. पण ते आकडे डिव्हिजन वनच्या यादीत येत नाहीत, म्हणून सर्वाधिक गुण कुणाचे असं विचारलं की उत्तर मॅराविच येतं.

२०२४ च्या मार्चमध्ये आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने महिलांच्या बास्केटबॉलमध्ये ३,६६७ ओलांडले. पुरुषांच्या यादीत आकडा अजून तिथेच आहे.

त्या यादीत मला सारखी एक गोष्ट खुणावत राहते. डेव्हिसचे प्रशिक्षक माइक डेव्हिस, त्याचे वडील. ३,१५० गुण करणाऱ्या क्रेटन विद्यापीठाच्या डग मॅकडरमॉटचे प्रशिक्षक ग्रेग मॅकडरमॉट, त्याचे वडील. आणि प्रेस आणि पीट. कॉलेजचा खेळाडू घर सोडून आलेला असतो. ही मुलं घर बरोबर घेऊनच कोर्टवर उतरली होती.

पीट पुढे व्यावसायिक खेळला, १९७६-७७ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएत, गुणांची सर्वाधिक सरासरी त्याचीच होती. गुडघ्याने साथ सोडली. दारू, मग अनेक वर्षांची अस्वस्थता, मग धर्माचा आधार. १९८७ च्या एप्रिलमध्ये प्रेस कर्करोगाने गेले. शेवटच्या आजारपणात पीट त्यांच्याजवळ होता. काही आठवड्यांतच पीटला बास्केटबॉलच्या दिग्गजांत, हॉल ऑफ फेममध्ये, स्थान मिळण्याचा सन्मान मिळाला.

(कॅलिफोर्निया, पॅसाडिना. एका चर्चचा छोटा जिम.)

५ जानेवारी १९८८. सकाळची वेळ. पीट काही ओळखीच्यांबरोबर सहज म्हणून खेळत होता. खेळता खेळता कोसळला. वय ४०.

शवविच्छेदनात दिसलं, की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्यांपैकी डावी त्याला जन्मापासून नव्हतीच. ॲलिक्विपाच्या रस्त्यांवर, बॅटन रूजच्या ८३ सामन्यांत, सामन्यामागे ३८ शॉट मारताना, ते हृदय उजव्या बाजूच्या एकाच धमनीवर चाललं होतं.

(चेंडू आपटल्याचा आवाज. थांबतो.)