वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

(भित्तिचित्र. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो.)

मेक्सिको सिटी. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा यांनी रंगवलेली ही पंगत. भोवती जगभरची माणसं, आणि हा पाव मोडणारा माणूस नीट बघा. हा आपल्या वर्ध्याचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

घर सोडलं तेव्हा डोक्यात शेती नव्हती. इंग्रजांना हाकलायचं, त्यासाठी लष्करी शिक्षण घ्यायचं, हाच ध्यास. जपानमार्गे अमेरिका गाठली, कॅलिफोर्नियातल्या मिलिटरी अकॅडमीत शिकले. मग शेतीशास्त्र. लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर भेटले ते याच काळात. १९१३ साली इंग्रजांविरुद्ध लढणारी गदर ही क्रांतिकारी संघटना अमेरिकेत उभी राहिली, तेव्हा त्या पंजाबी सोबत्यांत हा मराठी तरुणही होता.

महायुद्धात इराण, पुढे बर्लिन, मॉस्को. आणि १९२४ मध्ये मेक्सिको. वय चाळिशीच्या आसपास, भाषा स्पॅनिश, मायदेशाची वाट बंद.

चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. ज्या भूमीने जगाला मका दिला, तिथे विदर्भातला माणूस मक्यावर काम करणार! तिथल्या शेतकऱ्याकडून आधी स्वतः शिकल्याशिवाय हे जमत नाही.

(कणीस, अगदी जवळून.)

मक्याचा संकर म्हणजे धीराचं काम. कणसाचे केस बाहेर पडायच्या आत त्यावर पिशवी बांधायची. दुसऱ्या झाडाच्या तुऱ्यातले पराग गोळा करायचे, वेळ साधून केसांवर झटकायचे, की पुन्हा पिशवी. एका केसामागे एक दाणा. तो पेरून काय उगवतं, ते पुढच्या हंगामात कळणार. तेओसिंते या रानगवताशीही त्यांनी मक्याचा संकर केला. बंदुकीच्या वाटेने निघालेला माणूस इथे वाट पाहायला शिकला, असं मला मनापासून वाटतं.

गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. रिवेरांचा त्यांना पाठिंबा होता, इटलीहून आलेल्या टीना मोदोत्ती यांनी त्या कामाचे फोटो काढले. पुढे लग्न झालं ते बेल्जियमच्या जीन यांच्याशी.

१९५५ मध्ये ते नागपूरला परतले. १९६७ मध्ये गेले.

(वर्धा स्टेशन, सकाळ.)

मी याच गावात वाढलो. आमच्या शाळेत हे नाव कुणी घेतलं नाही. मला ते एका परक्या देशातल्या भिंतीच्या फोटोत सापडलं.