साक्ष कोणासाठी?

नमस्कार. विधिमंडळाच्या समित्या हा विषय ऐकूनच जांभई येते, याची मला कल्पना आहे. म्हणून नियमांकडे नंतर वळू, आधी एका नेमणुकीबद्दल बोलतो.

सप्टेंबर 2010. सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणारे केंद्रीय दक्षता आयुक्त निवडायचे होते. निवड समितीत तिघं जण : पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज. सरकारची पसंती पी. जे. थॉमस यांना होती. केरळमधल्या पामोलिन आयात प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र होतं. स्वराजबाईंनी बैठकीतच लेखी हरकत नोंदवली. दोन विरुद्ध एक, नेमणूक झाली! मार्च 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. थॉमस दोषी की निर्दोष हे न्यायालयाने ठरवलं नाही. महत्त्वाची कागदपत्रं निवड समितीने विचारात घेतलीच नाहीत, यावर बोट ठेवलं. म्हणजे जे प्रश्न नेमणुकीआधी तासाभरात विचारून झाले असते, त्यासाठी देशाला सहा महिने आणि एक याचिका लागली.

आपल्याकडे नेमणुकीपूर्वी उमेदवाराला लोकप्रतिनिधींसमोर बसवून प्रश्न विचारण्याची पद्धतच नाही. महालेखापरीक्षक असोत, निवडणूक आयुक्त असोत, राष्ट्रपतींच्या सहीचा आदेश निघतो आणि आपण तो वर्तमानपत्रात वाचतो.

अमेरिकेत सिनेटच्या समितीपुढे सुनावणी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीवर पहिली जाहीर सुनावणी झाली 1916 मध्ये, लुई ब्रँडाइस यांच्या वेळी. ते स्वतः आलेच नाहीत. इतरांच्या साक्षी झाल्या, चार महिने रणकंदन चाललं आणि 47 विरुद्ध 22 मतांनी त्यांची नेमणूक मंजूर झाली. 1981 मध्ये सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या सुनावणीत दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले. मग 1987 मध्ये रॉबर्ट बोर्क. विद्वान गृहस्थ. विचारलं त्याचं मोकळेपणाने, सविस्तर उत्तर देत गेले आणि 58 विरुद्ध 42 मतांनी आपटले. पुढच्या उमेदवारांनी त्यातून काय घ्यायचं ते बरोबर घेतलं. आता कोणताही नाजूक प्रश्न आला की उत्तर ठरलेलं : 'हा मुद्दा उद्या माझ्यासमोर खटला म्हणून येऊ शकतो, मी भाष्य करणार नाही.' कॅमेऱ्यापुढे सिनेटरही प्रश्न विचारण्याऐवजी भाषणंच करतात. तेव्हा दारं उघडली की सत्य आपोआप बाहेर येतं, असं मी म्हणणार नाही. पण टाळलेलं उत्तरसुद्धा तिथे नोंदलं जातं, आणि ते टाळलं हे लोकांना दिसतं.

आता आपल्या संसदेकडे येऊ. 1993 मध्ये खात्यांनुसार 17 स्थायी समित्या नेमल्या, 2004 मध्ये त्या 24 झाल्या. एकेका समितीत 31 खासदार, आणि मंत्री सदस्य होऊ शकत नाही. ही रचना उत्तम आहे. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे तिथे शांतपणे सचिवांची उलटतपासणी घेतात, कारण बघायला मतदारसंघ नसतो. बंद दाराचा हा फायदा मी मान्य करतो.

पण लोकसभेच्या नियम 266 नुसार समितीच्या बैठका खाजगी. आणि लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 58 नुसार साक्षीदाराला आधीच सांगायचं, की तुमची साक्ष सार्वजनिक समजली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकते. काही गोपनीय ठेवायचं असेल तर तशी विनंती करा. म्हणजे बैठक खाजगी आणि साक्ष सार्वजनिक! प्रत्यक्षात आपल्या हाती अहवाल पडतो, प्रश्नोत्तरं क्वचितच. जानेवारी 2017 मध्ये नोटाबंदीवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल अर्थविषयक स्थायी समितीपुढे गेले. एका अवघड प्रश्नाला उत्तर देऊ नका, असा सल्ला त्यांना खुद्द मनमोहन सिंगांनी दिला, अशा बातम्या लगेच आल्या. कोणाच्या तोंडून आल्या, कोण जाणे. देशाच्या चलनाबद्दलची साक्ष आपण अशी कानगोष्टीतून ऐकायची?

उलट उदाहरण घरचंच आहे. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या घरात पैसे गुंतवले, त्याची चौकशी न्यायमूर्ती छागला यांनी 1958 मध्ये मुंबईत जाहीरपणे केली. तो एकसदस्यीय आयोग होता, संसदेची समिती नव्हती, हे खरं. पण लोकांनी तिथे गर्दी केली, मंत्र्यांची आणि सचिवांची साक्ष समोरासमोर ऐकली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

विधेयकांचं तर विचारूच नका. पंधराव्या लोकसभेत दहातली सात विधेयकं समित्यांकडे जात, सतराव्यात दोनसुद्धा गेली नाहीत. 2020 चे कृषी कायदे समितीकडे गेले नाहीत. त्यांची सुनावणी दिल्लीच्या सीमेवर वर्षभर चालली.

आणि आपलं राज्य? विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, ते चांगलंच झालं. समितीचे अध्यक्ष मात्र महसूलमंत्री. सरकारचंच विधेयक, आणि तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी सरकारचाच मंत्री. केंद्रातल्या स्थायी समितीत हे चाललं नसतं. साडेबारा हजारांच्या आसपास सूचना-हरकती आल्या. विधेयकात मोजके बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ आमदार होते. बाहेर त्यांचे पक्ष कडाडून बोलत होते. आत त्यांनी काय विचारलं, कोणत्या हरकती कोणत्या कारणाने बाजूला पडल्या, हे हरकत पाठवणाऱ्यालाही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी सूचना पाठवली असेल, तर विधानमंडळ सचिवालयाला पत्र लिहून तिचं काय झालं ते विचारा. पोच मिळाली तरी मला कळवा.